कस्टम लाइनटाइप सलग दिसतो, अक्षरे गायब होतात, प्रिंटमध्ये बदलतो: तपासणी कुठून सुरू करावी

तांत्रिक ड्रॉइंगमध्ये स्वतः तयार केलेला किंवा ऑफिसच्या स्टँडर्डमधला लाइनटाइप (डॅश, मोकळ्या जागा, अक्षरे यांचा रेषेवरचा नमुना) वापरला की ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये हाच बिघाड सगळ्यात जास्त असतो. बहुतेक वेळा लाइनटाइपची व्याख्या ठणठणीत असते आणि बिघाड दुसरीकडेच असतो. तरी पहिला हात व्याख्येच्या फाइललाच लागतो आणि चांगली फाइल बिघडते. म्हणून खालचा क्रम पाळा.

पुढचे सगळे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमच्या संदर्भात आहे. डीडब्ल्यूजी या ड्रॉइंगच्या फाइलवर काम करणाऱ्या इतर बऱ्याच प्रोग्रॅममध्येही हीच व्हेरिएबल्स (नावाने ओळखली जाणारी सेटिंग्ज) याच नावांनी आहेत. उदाहरणे इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कमांड लाइनवर आणि लाइनटाइपच्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी अंकच लागतात.

लक्षणे

यांपैकी तुमचे कोणते, ते आधी ठरवा.

- लेयरला तुटक लाइनटाइप दिला आहे, पण रेषा सलग दिसते.
- मॉडेलमध्ये (जिथे खऱ्या मापात काढतो) बरोबर दिसते, लेआउटमध्ये (छापायच्या शीटवर) सलग. किंवा याच्या उलट.
- एकाच लेयरवरच्या दोन रेषांचे डॅश वेगवेगळ्या लांबीचे दिसतात.
- सरळ रेषांवर नमुना दिसतो, पण कंटूरवर (समान उंचीच्या रेषेवर) किंवा वळणावळणाच्या पॉलीलाइनवर (तुकडे जोडून झालेल्या रेषेवर) दिसत नाही.
- डॅश दिसतात, पण मधली अक्षरे किंवा चिन्हे नाहीत. किंवा अक्षरे उलटी आहेत, किंवा डॅश अक्षरांवरून जातो.
- लिन फाइलमध्ये (जिथे लाइनटाइपची व्याख्या लिहिलेली असते) बदल केला, तरी ड्रॉइंगमध्ये काहीच बदलले नाही.
- लोड करताना व्याख्या चुकीची असल्याचा संदेश येतो.
- पडद्यावर ठीक, पीडीएफमध्ये किंवा कागदावर मोकळ्या जागा भरून जातात.

आधी दोन मिनिटांच्या तपासण्या

चित्र पडद्यावर नव्याने काढणारी रीजेनऑल कमांड चालवा. स्केलची व्हेरिएबल्स बदलल्यावर, विशेषतः लेआउटमध्ये, जुनेच चित्र पडद्यावर राहते. नवीन मूल्य लागू होऊनही माणूस ते चुकीचे समजून आणखी बदलतो आणि गुंता वाढतो. यापुढच्या प्रत्येक बदलानंतरही रीजेनऑल करायचेच.

मग बिघडलेली एक रेषा निवडून प्रॉपर्टीज उघडा. लाइनटाइपसमोर 'बायलेयर' (म्हणजे लेयरचाच) आहे का? अनेकदा लेयरचा लाइनटाइप बरोबर असतो, पण कोणीतरी त्या रेषेला थेट 'कंटिन्युअस' (सलग) देऊन ठेवलेले असते. अशा रेषा पुष्कळ असतील तर सेटबायलेयर कमांडने एकदम सरळ करता येतात. याच पॅलेटमध्ये 'लाइनटाइप स्केल' असा आकडा आहे. तो १ नसेल तर टिपून ठेवा, पण अजून बदलू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे रेषेखाली रेषा. एकावर एक दोन तुटक रेषा असल्या आणि त्यांची सुरुवात वेगळ्या बिंदूंपासून असली, तर एकीचे डॅश दुसरीच्या मोकळ्या जागा भरतात आणि डोळ्यांना सलग रेषा दिसते. दिसणारी रेषा थोडी बाजूला सरकवून पाहा. खाली दुसरी निघाली तर जास्तीच्या रेषा पुसणारी ओव्हरकिल कमांड वापरा. कॉपी-पेस्टने वाढलेल्या प्लॅनमध्ये हे फार आढळते, आणि स्केलशी कितीही झटापट केली तरी यावर काही परिणाम होत नाही.

रेषेची लांबीही बघा. नमुन्याचा एक पूर्ण फेरासुद्धा बसणार नाही इतकी आखूड रेषा ऑटोकॅड सलगच काढतो. हा दोष नाही.

खरा घोळ: गुणाकार

इथे थोडे थांबून समजून घ्या, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

लाइनटाइपच्या व्याख्येत डॅशची लांबी लिहिलेली असते. पडद्यावर ती जशीच्या तशी येत नाही. तिला एलटीस्केलने गुणले जाते, जो पूर्ण ड्रॉइंगला लागू असतो. मग त्या रेषेच्या स्वतःच्या लाइनटाइप स्केलने गुणले जाते. लेआउटमध्ये त्यापुढे पीएसएलटीस्केल ठरवतो की व्ह्यूपोर्टचे (लेआउटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीचे) स्केलही या गुणाकारात धरायचे की नाही. तो ० असेल तर व्ह्यूपोर्टमधला डॅश इतर सगळ्या वस्तूंसारखाच लहान होतो. तो १ असेल तर डॅशची लांबी कागदाच्या मापात मोजली जाते आणि सगळ्या व्ह्यूपोर्टमध्ये सारखी राहते.

उदाहरण घ्या. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे, व्याख्येत डॅश १२ आहे आणि व्ह्यूपोर्ट १:१०० आहे. पीएसएलटीस्केल ० आणि एलटीस्केल १ ठेवला तर कागदावर डॅश ०.१२ मिमीचा येईल, म्हणजे डॅश इतके बारीक की रेषा सलग वाटेल. आता पीएसएलटीस्केल १ करा आणि एलटीस्केल १०० ठेवा. डॅश कागदावर १२०० मिमीचा होईल, म्हणजे पूर्ण शीटवर एकही मोकळी जागा येणार नाही, आणि रेषा पुन्हा सलग. दोन्हीकडे लक्षण एकच, कारणे मात्र एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून एलटीस्केल अंदाजाने वरखाली करत बसू नका. वर दिलेला गुणाकार कागदावर मांडा, कागदावर डॅश किती मिलिमीटरचा हवा ते ठरवा आणि मग आकडा घाला.

माझी शिफारस अशी. पीएसएलटीस्केल १, एमएसएलटीस्केल १, आणि एलटीस्केल कागदावरच्या अपेक्षित मापाप्रमाणे, साधारण १ च्या आसपास. एमएसएलटीस्केल हे व्हेरिएबल ऑटोकॅड २००८ पासून आहे. ते मॉडेलमध्ये अ‍ॅनोटेशन स्केलप्रमाणे (मॉडेलसाठी निवडलेल्या छपाईच्या स्केलप्रमाणे) नमुना मोठा करून दाखवते. अ‍ॅनोटेशन स्केल १:१०० निवडले की मॉडेलमध्येही डॅश शंभरपट होऊन कागदावर जसा येणार तसाच दिसतो. मॉडेलमध्ये बरोबर आणि लेआउटमध्ये चूक ही तक्रार बहुधा पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल यांची मूल्ये जुळत नसल्याने येते.

पीएसएलटीस्केल प्रत्येक लेआउटसाठी वेगळा साठवला जातो. एका शीटवर दुरुस्त करून पुढच्या शीटवर पुन्हा तोच प्रकार दिसला तर घाबरू नका. प्रत्येक लेआउट टॅबवर जाऊन तो तपासावा लागतो. टेम्प्लेटमध्येच तो १ करून ठेवला तर हे काम वाचते.

आता मघाशी टिपलेल्या रेषेच्या स्वतःच्या स्केलकडे या. तो बदलून दिसणे सुधारता येते, आणि घाईत सगळे तेच करतात. पण त्यामुळे प्रत्येक रेषेचा आकडा वेगळा होतो, आणि पुढे कोणी एलटीस्केल बदलला की सगळ्या शीटची घडी विस्कटते. शक्य तिथे सगळ्या रेषा निवडून हा आकडा १ वर आणा. नवीन रेषांना मिळणारा आकडा सीईएलटीस्केलमध्ये असतो. तोही १ आहे ना, हे पाहा. तो ०.५ वर राहिला तर उद्या काढलेली प्रत्येक रेषा पुन्हा वेगळीच निघेल. 'एकाच लेयरवर दोन प्रकारचे डॅश' या लक्षणाचे मूळ जवळजवळ नेहमी इथेच सापडते.

२५.४ चा फरक

ऑटोकॅडबरोबर दोन लाइनटाइप फाइल येतात. अकॅड.लिन इंचांसाठी आणि अकॅडआयएसओ.लिन मेट्रिकसाठी. पहिल्या फाइलमध्ये 'डॅश्ड'ची व्याख्या ०.५ आणि -०.२५ (ऋण आकडा म्हणजे मोकळी जागा) अशी आहे, दुसरीत तोच लाइनटाइप १२.७ आणि -६.३५ आहे. नाव एकच, माप २५.४ पटीने वेगळे. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये इंचाच्या फाइलमधला लाइनटाइप लोड झाला तर नमुना इतका दाट होतो की रेषा सलग दिसते. कोणती फाइल आपोआप वापरली जाईल हे मेझरमेंट व्हेरिएबल ठरवते: ० म्हणजे इंच, १ म्हणजे मेट्रिक. दुसऱ्या ऑफिसकडून आलेल्या ड्रॉइंगमध्ये हे आधी बघा.

'अकॅड_आयएसओ०२डब्ल्यू१००' अशा नावांचे लाइनटाइपही सोबत येतात. नावातल्या डब्ल्यू१०० चा अर्थ १ मिमी जाडीची रेषा. आयएसओच्या पद्धतीत डॅशची लांबी रेषेच्या जाडीच्या पटीत असते. साधा डॅश जाडीच्या १२ पट, लांब डॅश २४ पट आणि मधली जागा ३ पट. म्हणून या व्याख्येत १२ आणि -३ लिहिलेले दिसते. तुमची रेषा ०.३५ मिमी जाडीची असेल तर ०.३५ चे स्केल द्या. डॅश ४.२ मिमी आणि मोकळी जागा १.०५ मिमी येते. स्वतःचे लाइनटाइप तयार करतानाही मी याच गुणोत्तराने सुरुवात करतो, कारण मग छापील शीटवर जाड आणि बारीक रेषा एका कुटुंबातल्या वाटतात.

वळणांवर नमुना दिसत नाही

सर्व्हेतून आलेला कंटूर किंवा पाइपलाइनची पॉलीलाइन शेकडो लहान तुकड्यांची असते. पीलाइनजेन ० असेल तर प्रत्येक तुकड्यावर नमुना नव्याने सुरू होतो. तुकडा आखूड, नमुना बसत नाही, म्हणून सगळी रेषा सलग. पीलाइनजेन १ केल्यावर नमुना सगळ्या बिंदूंवरून वाहत जातो.

हे व्हेरिएबल फक्त पुढे काढल्या जाणाऱ्या पॉलीलाइनना लागू होते. आधीच्या पॉलीलाइन निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'लाइनटाइप जनरेशन' एनेबल करा, किंवा पीएडिटमधला एलटाइप जेन हा पर्याय वापरा. रुंदी कमी-जास्त होत जाणाऱ्या पॉलीलाइनवर हे चालत नाही. उलट, इमारतीच्या कोपऱ्यांवर डॅश नेमका कोपऱ्यात जुळायला हवा असेल तर पीलाइनजेन ० च ठेवा. तिथे १ केले तर कोपऱ्यातच मोकळी जागा येऊ शकते आणि कोपरा तुटलेला दिसतो.

लिन फाइल बदलली, ड्रॉइंग बदलले नाही

लाइनटाइप लोड केला की त्याची व्याख्या ड्रॉइंगमध्ये कॉपी होते. त्यानंतर ड्रॉइंग लिन फाइलकडे पुन्हा पाहतही नाही. म्हणून फाइलमध्ये बदल केल्यावर लाइनटाइप मॅनेजरमधून तो पुन्हा लोड करा आणि 'रीलोड करायचे का' या प्रश्नाला हो म्हणा. मग रीजेनऑल.

यातूनच आणखी एक त्रास होतो. ब्लॉक (वस्तूंचा तयार संच) इन्सर्ट करताना त्याच्यासोबत त्याच नावाचा लाइनटाइप आला, तर आधीपासून ड्रॉइंगमध्ये असलेली व्याख्या टिकते आणि येणारी टाकून दिली जाते. दोन ऑफिसांनी 'गॅस' या एकाच नावाने वेगवेगळे नमुने बनवले असतील तर पाहुण्या ब्लॉकमधली रेषा यजमानाच्या नमुन्यात दिसेल. नावापुढे ऑफिसचा किंवा प्रकल्पाचा छोटा संकेत जोडला तर हे टळते. एक्सरेफचे (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगचे) तसे नाही. त्यातले लाइनटाइप फाइलच्या नावासह वेगळे राहतात, पण एलटीस्केल मात्र यजमान ड्रॉइंगचाच लागू होतो.

अक्षरे आणि चिन्हे

अक्षरे असलेला लाइनटाइप हा सगळ्यात नाजूक प्रकार. मेट्रिक फाइलमधली गॅस लाइनची व्याख्या अशी आहे:

ए,१२.७,-५.०८,["गॅस",स्टँडर्ड,एस=२.५४,यू=०.०,एक्स=-२.५४,वाय=-१.२७],-६.३५

वाचायला शिकलात की पुढची दुरुस्ती सोपी. धन आकडा म्हणजे रेषा, ऋण म्हणजे मोकळी जागा, ० म्हणजे ठिपका. १२.७ चा डॅश, मग ५.०८ ची मोकळी जागा. एस=२.५४ हा अक्षरांचा आकार. एक्स=-२.५४ म्हणजे अक्षरे तिथून २.५४ मागे येऊन सुरू होतात. वाय हा अक्षरांच्या उंचीच्या निम्मा आणि ऋण, म्हणून अक्षरे रेषेच्या मध्यावर बसतात. शेवटची ६.३५ ही अक्षरांच्या उरलेल्या भागासाठीची जागा. म्हणजे शब्दासाठी एकूण २.५४ अधिक ६.३५, अर्थात ८.८९ एवढीच जागा आहे. इथे तीन इंग्रजी अक्षरांऐवजी सहा अक्षरांचा शब्द टाकला आणि शेवटचा आकडा तसाच ठेवला, तर पुढचा डॅश शब्दावरून जाणारच. शब्द बदलला की शेवटचा आकडा बदला.

व्याख्येला हात न लावताही डॅश अक्षरांवरून जाऊ लागला, तर 'स्टँडर्ड' ही टेक्स्ट स्टाइल तपासा. त्या ड्रॉइंगमध्ये तिला वेगळा, रुंद फॉन्ट दिलेला असतो. तिला ठरावीक उंची दिली असेल तर आणखी बिघडते, कारण ती उंची एसने गुणली जाते. २.५ ची उंची आणि एस २.५४ असेल तर अक्षरे ६.३५ ची होतात. लाइनटाइपसाठी स्वतंत्र टेक्स्ट स्टाइल ठेवा, उंची ०, एखादा साधा एसएचएक्स (ऑटोकॅडच्या स्वतःच्या प्रकारचा) फॉन्ट, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. ही स्टाइल टेम्प्लेटमध्ये आधीच असावी, नाहीतर नवीन ड्रॉइंगमध्ये लाइनटाइप लोडच होणार नाही.

अक्षरे उलटी दिसत असतील तर रेषा उजवीकडून डावीकडे काढलेली आहे. रिव्हर्स कमांड दिशा बदलते. व्याख्येत आर= (रेषेच्या दिशेप्रमाणे फिरणे) लिहिलेले असेल तर त्याऐवजी यू= लिहा. ऑटोकॅड २०११ पासून यू= मुळे अक्षरे वाचता येतील अशी सरळ राहतात.

चिन्हे गायब असतील तर ती एसएचएक्स फाइलमधून येतात आणि ती फाइल या संगणकावर नाही. लाइनटाइपची व्याख्या ड्रॉइंगमध्ये असते, चिन्हाचा आकार नसतो. ड्रॉइंग उघडताना 'एसएचएक्स सापडत नाही' असा संदेश आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका, फाइलचे नाव टिपून घ्या. ती सपोर्ट फाइल सर्च पाथमधल्या फोल्डरमध्ये ठेवली की काम होते.

लोडच होत नसेल तर

आता लिन फाइल उघडायची वेळ. आधी तिची प्रत काढा. संदेशात ओळीचा क्रमांक असतो, थेट तिथे जा. पहिली ओळ तारांकन, नाव, स्वल्पविराम आणि वर्णन अशी हवी. वर्णन ४७ अक्षरांच्या आत. दुसरी ओळ 'ए' आणि स्वल्पविरामाने सुरू होते, ८० अक्षरांत मावावी लागते आणि तिच्यात डॅश व मोकळ्या जागा मिळून १२ च आकडे चालतात. पहिला आकडा ऋण नको. अवतरणचिन्हे सरळ हवीत. वर्ड प्रोसेसरमधून आलेली वळणदार चिन्हे चालत नाहीत, म्हणून साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहा. जतन करताना नावाला नकळत टीएक्सटी जोडले गेले नाही ना, हे पाहा. शेवटच्या ओळीनंतर एंटर द्या.

फक्त प्रिंटमध्ये बिघाड

पडद्यावर आणि लेआउटमध्ये सगळे ठीक असेल तर वरचे काहीही बदलू नका. प्लॉट स्टाइल टेबल (कोणत्या रंगाची रेषा कशी छापायची याचा तक्ता) उघडा. त्या रेषेच्या रंगासमोर लाइनटाइप 'यूज ऑब्जेक्ट लाइनटाइप' हवा. तिथे दुसरा कुठला निवडलेला असेल तर तोच छापला जातो. 'अ‍ॅडॅप्टिव्ह' चालू असेल तर नमुना पूर्ण बसवण्यासाठी स्केल थोडे बदलले जाते. मोजूनमापून ठरवलेला डॅश हवा असेल तर ते बंद करा.

जाड रेषांच्या मोकळ्या जागा भरत असतील तर रेषेच्या टोकाचा प्रकार बघा. गोल किंवा चौकोनी टोक डॅशच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या निम्म्याइतके बाहेर येते. ०.७ मिमीची रेषा आणि १ मिमीची मोकळी जागा असेल तर उरते फक्त ०.३ मिमी. टोक 'बट' (डॅश संपतो तिथेच कापलेले) करा किंवा जागा वाढवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ड्रॉइंग आधीच मंजूर होऊन साइटवर गेले असेल तर लाइनटाइपची व्याख्या स्वतः बदलू नका. जमिनीखालची गॅसची रेषा आणि पाण्याची रेषा खोदणारा माणूस या चिन्हांवरूनच ओळखतो. हा निर्णय ड्रॉइंगवर सही करणाऱ्या इंजिनिअरचा आणि बदल रिव्हिजनच्या नोंदीसह व्हायला हवा.

हरवलेल्या एसएचएक्सची मूळ फाइल कुठेच मिळत नसेल तर त्याच नावाची दुसरी फाइल अंदाजाने बसवू नका. चुकीचे चिन्ह रिकाम्या जागेपेक्षा वाईट. ज्यांनी ड्रॉइंग पाठवले त्यांच्याकडे मागा, किंवा शेप फाइल (चिन्हांच्या आकारांची फाइल) लिहून कंपाइल करणाऱ्या माणसाकडे काम द्या.

फाइल विनाकारण प्रचंड मोठी झाली असेल, कॉपी-पेस्टला मिनिटे लागत असतील आणि ड्रॉइंगमध्ये कधीकाळी डीजीएन (मायक्रोस्टेशन प्रोग्रॅमची फाइल) आयात झाले असेल, तर लाइनस्टाइलचा अनाथ डेटा साठलेला असतो. नव्या आवृत्त्यांत कमांड लाइनवरच्या पर्जमध्ये (न वापरलेला डेटा काढणाऱ्या कमांडमध्ये) त्यासाठी 'ऑर्फन्ड डेटा' हा पर्याय आहे. प्रतीवर तो आणि ऑडिट (ड्रॉइंगमधल्या चुका तपासणारी कमांड) एकदा चालवून पाहा. त्याने सुटले नाही, किंवा ऑडिटमध्ये दर वेळी नव्या चुका निघत राहिल्या, तर कॅड मॅनेजरकडे सोपवा.

सोपवताना नुसते ड्रॉइंग पाठवू नका. ईट्रान्समिटने, फॉन्टचा पर्याय चालू ठेवून, पॅकेज करा, म्हणजे एक्सरेफ, फॉन्ट, शेप फाइल आणि प्लॉट स्टाइल सोबत जातील. त्यात एलटीस्केल, पीएसएलटीस्केल, एमएसएलटीस्केल आणि मेझरमेंटची चालू मूल्ये लिहून द्या, आणि बिघडलेल्या शीटचे पीडीएफही जोडा.